हसवणाऱ्या लेखिकांची नोंद कोण घेणार?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी सावकाश वाचली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. विनोदासाठी ओळखले गेलेले लेखक त्या खुर्चीवर वेळोवेळी बसलेले आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९२७ मध्ये पुण्याला, आचार्य अत्रे १९४२ मध्ये नाशिकला, पु. ल. देशपांडे १९७४ मध्ये इचलकरंजीला, शंकर पाटील १९८५ मध्ये नांदेडला, द. मा. मिरासदार १९९८ मध्ये परळीला. आता त्याच यादीतल्या बायका बघा. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या कुसुमावती देशपांडे, मग दुर्गा भागवत, शान्ता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. सहा जणी. सहाही जणींचा अधिकार मोठा, त्याबद्दल वादच नाही. समीक्षा, कविता, कथा, लोकसंस्कृतीचा अभ्यास ही त्यांची क्षेत्रं. पण हसवणारी लेखिका हीच जिची पहिली ओळख, अशी एकही बाई त्यांत नाही.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. खुर्ची कोणाला मिळाली हा माझा मुद्दाही नाही. ती यादी आपल्या सगळ्यांच्या मनातली मोजपट्टी दाखवते, एवढ्यापुरतीच ती इथे घेतली. पुरुषानं हसवलं की आपण त्यात माणसाच्या स्वभावाची जाण शोधतो, भाषेचं वैभव शोधतो. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो अगदी योग्य होता. बाईनं हसवलं की मात्र 'छान लिहितात हो, वेळ मजेत जातो' असं म्हणून आपण पुढे सरकतो. तिनं सोसावं, सोसलेलं लिहावं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणावं, मग तिला मान. माझं म्हणणं असं की बायकांनी लिहिलेलं आणि बायका आवडीनं वाचतात असं विनोदी, सोपं, एका बैठकीत संपणारं कथा-कादंबरीलेखन हे मराठी साहित्यातलं पूर्ण वजनाचं काम आहे. त्याची समीक्षा व्हायला हवी, ते छापात राहायला हवं, आणि एखादं पुस्तक फसलं असेल तर ते का फसलं हेही कारणं देऊन सांगितलं जायला हवं.

कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात दुपारी साडेचारच्या सुमाराला जाऊन बघा. कापडी पिशवीतून दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवणारी बाई ग्रंथपालाला म्हणते, 'काहीतरी हलकंफुलकं द्या.' आणि ग्रंथपालाचा हात कुठे जातो ते नीट पाहा. त्या कपाटातल्या पुस्तकांना खाकी कव्हर असतं, पाठीला पट्टी मारलेली असते, मागची तारखांची चिठ्ठी भरून गेल्यामुळे तिच्यावर दुसरी डकवलेली असते. ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक टिंबं, फुल्या, आद्याक्षरं दिसतात. हे पुस्तक आपण वाचलेलं आहे हे पुढच्या वेळी कळावं म्हणून बायकांनी केलेल्या त्या खुणा. एकेका पानावर अशा दहा-बारा खुणा असतात. शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांतून अशाच फिरल्या. त्या सगळ्या काही विनोदी नव्हत्या, पण फावल्या वेळचं वाचन म्हणून त्यांनाही विनोदी पुस्तकांच्याच रांगेत बसवलं गेलं आणि दोघांकडेही सारखंच दुर्लक्ष झालं. इतक्या वाचकांनी इतकी वर्षं जे वाचलं त्याबद्दल मराठी समीक्षेकडे धड चार पानं नसतील, तर उणीव त्या पुस्तकांपेक्षा समीक्षेची मोठी आहे.

बायकांचा विनोद ही आजची टूम नव्हे. भोंडल्याची गाणी आठवा. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. त्यात एक गाणं हमखास असतं, 'श्रीकांता कमलाकांता असं कसं झालं, असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं'. वेड्याच्या बायकोनं लाडू केले, वेड्यानं चेंडू म्हणून खेळायला घेतले. तिनं करंज्या केल्या, त्यानं होड्या म्हणून पाण्यात सोडल्या. गावोगावी कडवी बदलतात, पदार्थ बदलतात, पण चाल तीच. बाईनं दिवसभर खपून काहीतरी करायचं आणि नवऱ्यानं ते काय आहे हेच न ओळखता वाया घालवायचं. पोरी हसत हसत गात असतात. मग शेवटचं कडवं येतं. वेड्याची बायको पलंगावर झोपलेली असते, आणि 'मेली मेली म्हणून त्यानं जाळून टाकली'. त्यावरही फेर हसतो आणि गाणं संपताच खिरापत ओळखायला बसतो.

मी हे गाणं लहानपणापासून म्हणत आले आणि त्याचा शेवट किती भयंकर आहे हे कळायला मोठं व्हावं लागलं. रचनेच्या दृष्टीनं बघा, त्यात काय नाही? एकाच साच्याची पुनरावृत्ती आहे, दर वेळी नवी वस्तू आहे, ऐकणारीला पुढचं काय ते ओळखायला लावायची युक्ती आहे, आणि हास्याच्या त्याच लयीत शेवटी बाईच्या जिवाची किंमत सांगून टाकणं आहे. लाडू, करंज्या आणि ती स्वतः, तिघांची गत एकच. उपदेशाचा एक शब्दही नाही. ज्या बायांनी हे रचलं त्यांना आपण लोकसाहित्यात जागा दिली, पण विनोदाच्या इतिहासात नाही. मराठी विनोदाचा इतिहास सांगायला बसलं की तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'पासून सुरू होतो. माजघर, जातं, भोंडला, मंगळागौर, सगळं बाहेर राहतं.

छापील साहित्यातही तेच झालं. लक्ष्मीबाई टिळकांची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी आली. त्या आयुष्यात हसण्यासारखं काय होतं? दारिद्र्य, मुलांचे मृत्यू, नवऱ्याचं धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट. तरीही पानापानाला हसू फुटतं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ धुतल्यावर काय उरणार हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही, लक्ष्मीबाई सांगतही नाहीत. त्या फक्त चित्र उभं करतात, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचा दिवस कसा जात असेल हे आपल्याला दिसायला लागतं. या पुस्तकाच्या प्रांजळपणाबद्दल, निरागसतेबद्दल भरभरून लिहिलं गेलं आहे. प्रसंग कुठे तोडायचा, वाक्य कुठे आवरायचं, कुठली गोष्ट न सांगता सोडायची हे लक्ष्मीबाईंना नेमकं कळत होतं, हे त्या मानानं फार कमी बोललं गेलं. निरागसता म्हटली की ती आपोआप आलेली वाटते, कसब म्हटलं की बाईला लेखक मानावं लागतं. हा फरक लहान नाही.

नाटककार कृ. प्र. खाडिलकरांचं 'बायकांचे बंड' रंगभूमीवर आल्यानंतर काही वर्षांतच गिरिजाबाई केळकरांनी 'पुरुषांचे बंड' लिहिलं. त्या काळी एका बाईनं नाटक लिहून नाटकाला उत्तर देणं ही केवढी हिमतीची गोष्ट! पुढे गिरिजाबाई नाट्यसंमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षही झाल्या. आज नाटकाचा अभ्यास करणारे सोडले तर त्यांचं नाव किती जणांना सांगता येईल?

आता घरगुती विनोदाकडे येते. मराठीत घरगुती विनोदाची परंपरा समृद्ध आहे आणि तिच्यावर माझं प्रेम आहे. चिं. वि. जोशींचे चिमणराव मी कितीदा वाचले असतील! पण ही परंपरा दीर्घकाळ नवऱ्याच्या खुर्चीत बसून घराकडे बघत आली. चिमणराव सांगणार, गुंड्याभाऊ घोळ घालणार आणि चिमणरावांची बायको काऊ घर सांभाळणार. चिं. विं.च्या लेखणीत माया होती, म्हणून काऊ माणूस म्हणून जिवंत राहते. नंतरच्या पुष्कळ लेखकांकडे ती माया नव्हती. त्यांच्याकडे 'आमची ही' उरली. साडी मागणारी, माहेरचं कौतुक करणारी, बडबड करणारी, दिवाळी अंकातल्या व्यंगचित्रात लाटणं उगारून दाराआड उभी असलेली. तिचा आवाज ऐकू यायचा तो फक्त तक्रारीपुरता.

बाई सांगायला बसली की घर तेच राहतं आणि विनोदाची जागा बदलते. अवेळी पाहुणा आला यात नवऱ्याला पाहुण्याच्या तऱ्हा दिसतात. बायकोला डब्यातलं पीठ दिसतं, शेजारच्या घरी वाटी घेऊन पाठवता येईल अशी मुलगी घरात आहे का ते दिसतं, आणि 'असू दे, जे असेल ते चालेल' म्हणणाऱ्या पाहुण्याला खरं म्हणजे काय हवं आहे तेही दिसतं. मंगला गोडबोले यांनी वर्षानुवर्षं हे केलं. मध्यमवर्गीय घरातलं बोलणं, त्यातले मान-अपमान, नव्या वस्तूंचं वेड, नात्यांतली ओढाताण त्यांनी इतक्या बारकाईनं टिपली की चाळीस-पन्नास वर्षांनी मराठी शहरी घर कसं होतं हे कोणाला पाहायचं असेल तर त्यांची पुस्तकं उघडावी लागतील. पद्मजा फाटक यांनी तर स्वतःच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणावर 'हसरी किडनी' लिहिलं. इस्पितळ, चाचण्या, खर्च, भीती, आणि त्यातही हसू सोडायचं नाही. आजारपणावर असं लिहायला केवढी ताकद लागते! अशा पुस्तकाला 'हलकं' म्हणून बाजूला कसं सारता येईल?

विनोदी गोष्ट करते तरी काय, हे एका उदाहरणानं सांगते. समजा, एका लेखिकेनं संक्रांतीच्या वाणावर कथा लिहायला घेतली. सोसायटीतल्या वसुधानं हळदीकुंकवाला तीस डबे लुटले. प्लास्टिकचे, एका आकाराचे, झाकणाला फुलाची नक्षी असलेले. त्यातल्या एकाच्या तळाशी तिच्या मुलीनं गंमत म्हणून नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. पुढच्या संक्रांतीला समोरच्या इमारतीतल्या बाईकडून वसुधाला वाण मिळालं, घरी येऊन उलटं करून बघितलं तर तळाशी ठिपका. आपलाच डबा वर्षभर फिरून परत आला! वसुधाला राग आला, मग उत्सुकता वाटली, मग ती त्या डब्याचा माग काढायला निघाली. कोणी कोणाला दिला, कोणी त्यात आधी तिळाच्या वड्या घालून पाठवला, कोणी 'नवीनच आहे, उघडलासुद्धा नाही' म्हणून जावेच्या हळदीकुंकवाला खपवला.

इथपर्यंत ती निखळ गंमत आहे. ओळखीची, कोणालाही न दुखवणारी. पण माग काढता काढता ती तळमजल्यावरच्या नलूमावशींपाशी पोचते. नलूमावशी विधवा. या सोसायटीत त्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. पण सोसायटीतल्या निम्म्या बायका वाणाच्या वस्तू त्यांच्याकडूनच घेतात, कारण त्या घाऊक बाजारातून माल आणून घरातून विकतात. कोणाचं बजेट किती, कोणी गेल्या वर्षी पन्नास नग घेतले आणि यंदा वीसच का, कोणाच्या सुनेनं गुपचूप वेगळी खरेदी केली, सगळा हिशेब त्यांच्या वहीत आहे. ज्या समारंभाला त्यांना दार बंद आहे तो समारंभ त्यांच्यावाचून होत नाही. लेखिकेनं याच्यापुढे एक वाक्यही बोध म्हणून लिहू नये. नलूमावशींनी शांतपणे वही उघडावी आणि म्हणावं, 'ठिपकेवाला ना? तो मीच दुसऱ्यांदा विकला.' वाचणारी खळखळून हसेल, आणि येत्या संक्रांतीला यादी करताना तिचा पेन एका नावाशी अडखळेल.

हीच गोष्ट गंभीर कथेत कशी आली असती हे आपल्याला माहीत आहे. खिडकीआड उभ्या विधवेचे डोळे, बाहेरून ऐकू येणारं हसणं, शेवटी एकटेपणा. तशा कथा आपण पुष्कळ वाचल्या, त्यांनीही काम केलं. पण त्या कथेत नलूमावशी दयेचा विषय होतात. विनोदी कथेत त्या हुशार, व्यवहारी, थोड्या खट्याळ आणि पूर्ण माणूस होतात. मला दुसरी नलूमावशी जास्त खरी वाटते. माझ्या ओळखीच्या बायका तिच्यासारख्या आहेत.

या वाचनाला 'टाइमपास' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बाईच्या वेळेचा हिशेब एकदा मांडावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ९७. नोकरी, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधं हे याशिवाय. यातून वाचायला मिळतो तो तुकड्यातुकड्यांचा वेळ. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, क्लासच्या बाहेर पोराची वाट बघताना, लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर. पुस्तक दहादा खाली ठेवावं लागतं आणि दहादा उचलावं लागतं. जी लेखिका हे ध्यानात ठेवून लिहिते तिला प्रत्येक दोन-तीन पानांत गोष्ट पुढे सरकवावी लागते, पात्रं पहिल्या ओळीत ओळखू येतील अशी बोलवावी लागतात, धागा सुटला तरी वाचणारीला तो लगेच सापडेल अशी जागा करून ठेवावी लागते. दमलेल्या माणसाला हसवणं तर त्याहून कठीण. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी तीन पानं लिहून घरातल्या दमलेल्या बाईला रात्री दहा वाजता वाचून दाखवावीत.

या वाचनावर एक आक्षेप नेहमी येतो. हसून घेतलं की बाईचा राग निवतो, ती आहे तिथेच राहते, व्यवस्था तशीच चालू राहते. स्त्रीवादी मैत्रिणींकडून मी हे ऐकलं आहे आणि त्यांच्या काळजीत तथ्य आहे. 'सासू ही अशीच, नवरा हा असाच, चला हसू या' असं सांगणारा विनोद असतो आणि तो माणसाला झोपवतो. पण राग निवतो तो एकटीनं हसल्यावर. बायका मिळून हसतात तेव्हा निराळं काहीतरी होतं. २०२३ च्या जूनअखेरीला 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा चित्रपटगृहांत काय झालं ते आपण पाहिलं. भिशीचे ग्रुप, महिला मंडळं, बहिणी-बहिणी, सासू-सुना, नऊवारी नेसून, गॉगल लावून, गटागटानं बायका गेल्या. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा एवढीच ती गोष्ट, पण कितीतरी जणी घरातल्या पुरुषांना सोबत न घेता, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या वयाच्या बायांबरोबर सिनेमाला गेल्या. सिनेमात त्रुटी नव्हत्या असं मी म्हणत नाही. मराठी बायकांना स्वतःवर, स्वतःसाठी, एकत्र बसून हसायची केवढी भूक आहे हे मात्र त्यानं उघड्यावर आणलं. ही भूक पुस्तकांना कधीपासून माहीत होती.

आता घरातल्या उणिवांबद्दल बोलायला हवं, नाहीतर हे सगळं कौतुकच होऊन बसेल. बायकांच्या मराठी विनोदी लेखनाचा परीघ लहान राहिला. पुण्या-मुंबईचे, फार तर नाशिक-ठाण्याचे फ्लॅट, सवर्ण मध्यमवर्ग, चैत्रगौर, दिवाळीचा फराळ, अमेरिकेतला मुलगा. त्यात घरकामाला येणारी बाई येते ती बहुतेक वेळा तिच्या बोलीवर हसण्यासाठी. दांड्या मारणारी, उचल मागणारी, गॉसिप पुरवणारी. स्वतःवरच्या 'लाटणंवाल्या' चित्राचा राग असलेल्या लेखिकांनी तेच चित्र दुसऱ्या बाईच्या माथी मारलं, हे मला खुपतं. जाड बायकांवरचे विनोद, लग्न न झालेल्या नणंदेवरचे विनोद, खेड्यातून आलेल्या सुनेच्या उच्चारांवरचे विनोद, हा सगळा शिळा माल आहे. याला कोणी हटकलं नाही, कारण हटकण्याइतकं लक्षच कोणी दिलं नाही. ज्या लेखनाची समीक्षा होत नाही त्यात आळस साचतो, आणि पुढच्या लेखिकेला वाटतं की हेच चालतं.

दुसऱ्या बाजूला, ज्यांच्याकडे निराळ्या जगाचा विनोद होता त्यांचा विनोद आपण वाचलाच नाही. ऊर्मिला पवार यांचं आत्मकथन 'आयदान' २००३ मध्ये आलं. कोकणातल्या दलित बायकांचं कष्टाचं, अपमानाचं जगणं त्यात आहेच, पण त्यात हसवणारे प्रसंगही भरपूर आहेत. बायका एकमेकींची खेचतात, चावट बोलतात, लेखिका स्वतःच्या अडाणीपणावर मोकळेपणी हसते. त्या पुस्तकावरच्या चर्चांत मात्र दुःखाचेच उतारे पुन्हा पुन्हा निघतात. दलित बाईनं फक्त सोसायचं, मध्यमवर्गीय बाईनं फक्त करमणूक करायची, अशी वाटणी करून आपण दोघींचंही नुकसान केलं. एसटीतली महिला कंडक्टर, गावोगाव फिरणारी आशाताई, ऊसतोडीला जाणारी मुकादमाची बायको, बचत गटाची अध्यक्ष, यांच्या रोजच्या जगण्यात विनोदाची खाण आहे. बचत गटाच्या एका मीटिंगमध्ये हप्ता कोणी चुकवला यावरून जी जुगलबंदी होते ती ऐकलीत तर दोन अंकी नाटक हातात येईल. ही कादंबरी मराठीत यायला हवी, आणि ती त्या बायकांनीच लिहायला हवी.

शेजारी बंगालीत बघा. नवनीता देव सेन कवयित्री होत्या, तौलनिक साहित्याच्या प्राध्यापक होत्या आणि लोकांना मनसोक्त हसवणाऱ्या लेखिकाही होत्या. स्वतःच्या घरातल्या, प्रवासातल्या फजित्या त्या खुशाल लिहीत. त्यांना १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदुषी असणं आणि हसवणं यांत त्यांच्या वाचकांना विरोध दिसला नाही. आपल्याला तो का दिसावा?

आज या लेखनाची जागा बदलते आहे. मासिकं कमी झाली, वाचनालयांतली गर्दी पांगली, पण बायका लिहायच्या थांबल्या नाहीत. प्रतिलिपीसारख्या अॅपवर मराठीत भागाभागांच्या कथा येतात, हजारो जणी त्या फोनवर वाचतात, पोळ्या लाटता लाटता कानात बोलकी पुस्तकं ऐकतात. जळगावची, सांगलीची, नांदेडची गृहिणी रात्री सगळे झोपल्यावर फोनवर टाइप करते आणि सकाळी तिला शंभर प्रतिक्रिया आलेल्या असतात. हे मला फार मोलाचं वाटतं. पण तिच्या आणि वाचकाच्या मध्ये आता संपादक उरलेला नाही. 'हे तिसरं पान काढ, इथे गोष्ट थांबते आहे' असं सांगणारं कोणी नाही. जुन्या मासिकांचे संपादक कथा परत पाठवायचे, सुधारून मागायचे. त्या परत आलेल्या पाकिटांतून कितीतरी लेखिका घडल्या. अॅपवर मिळते ती दाद, आणि ती लगेच मिळते म्हणून गोड वाटते. गोष्ट अजून घट्ट कशी करायची हे मात्र तिथे शिकायला मिळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या आहेत, आणि त्या अवघड नाहीत. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विनोदासाठी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा पुरस्कार आहे. त्यासाठी लेखिकांची पुस्तकं प्रकाशकांनी न चुकता पाठवावीत. घरगुती विषय म्हणजे किरकोळ विषय, हा पूर्वग्रह परीक्षकांनी बाजूला ठेवून वाचावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनी विनोदी विभागात चार पुरुषांमागे एक लेखिका हा अलिखित हिशेब सोडावा, आणि फोनवर लिहिणाऱ्या बायकांकडून कथा मागवून, त्यांच्याबरोबर बसून त्या सुधारून घेऊन छापाव्यात. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी या लोकप्रिय लेखिकांवर संशोधन करू द्यावं. जुन्या वाचनालयांतल्या त्या खुणा केलेल्या प्रती आजही अभ्यासायला उपलब्ध आहेत, पण ग्रंथपाल कपाटं रिकामी करतात तेव्हा रद्दीत पहिल्यांदा त्याच जातात. त्या स्कॅन होऊन राहायला हव्यात, हक्कदारांची परवानगी काढून पुन्हा निघायला हव्यात.

आणि मानधन. विनोदी कथेला 'हलकी आहे, पटकन लिहून होते' म्हणून कमी पैसे द्यायची किंवा अजिबात न द्यायची रीत बंद व्हायला हवी. गंभीर कथेला जितके रुपये मिळतात तितकेच हिला मिळावेत, कथा छापून येण्याआधी ठरावेत आणि लेखिकेच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावेत.